‘सदृश’ शब्दाचा आडोसा

(नेवासे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेथे वाणीविषयी बोलताना संकोच वाटतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तपाचे वर्णन आहे. बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे, असे भगवंत सांगतात. ‘खोटे बोलू नये’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. कारण शब्द खोटा नाही, पण सत्यही सांगितलेले नाही, अशी एक तिसरी वाट माणसाने शोधून ठेवली आहे.

‘नरो वा कुंजरो वा’ आपण सारेच म्हणतो. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला होता. धर्मराजाच्या वाक्यातील एकही शब्द असत्य नव्हता. केवळ ‘हत्ती’ हा शब्द द्रोणाचार्यांना ऐकू जाणार नाही, अशा बेताने उच्चारला गेला. तरीही भूमीच्या चार अंगुळे वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी शब्द तपासले नाहीत. त्या शब्दांमागील हेतू तपासला.

ही वाट आजही वाहती आहे आणि तिचा चटका आपल्या जिल्ह्याला बसतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला. दुष्काळ येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्दच वगळला आणि त्या जागी ‘टंचाई’ घातली. शासन परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते व वेळीच उपाय योजते, त्यामुळे आता दुष्काळाला वावच उरलेला नाही, असे कारण दिले गेले. अवघ्या नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. लक्षावधी माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला रस्त्यावर आली. आपले वडीलधारे त्या सालाला आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात. ‘बहात्तरची टंचाई’ म्हणणारा मला अद्याप भेटलेला नाही.

पुढे ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात या शब्दावरच प्रश्न उभा राहिला, तेव्हा शासनाने त्या जागी ‘दुष्काळ’ असे वाचण्याची दुरुस्ती केली. तरी २३ ऑक्टोबर २०१८ रोजी १८० तालुक्यांत पुन्हा ‘दुष्काळसदृश’ जाहीर झाला. आठवड्याने, ३१ तारखेला, १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. सरकारे बदलली, शब्दाची ओढ बदलली नाही. सवलती ‘सदृश’ परिस्थितीतही दिल्या जातात, हे मान्य केले पाहिजे. मग शब्दाचीच एवढी कंजुषी का? ‘सदृश’ हा उपमेचा शब्द आहे. मुख चंद्रासारखे म्हटले, की ते चंद्र नव्हे हे ठरलेच. शेतकऱ्याचे करपलेले पीक मात्र उपमा नसते. सरळ शब्द उच्चारला, की त्याच्यामागे दायित्व येते. मोघम शब्दाला उत्तर मागता येत नाही.

मौन आणि संदिग्धता यांत भेद आहे. जो गप्प राहतो, त्याच्याकडून आपल्याला काही कळले नाही, हे निदान ऐकणाऱ्याला ठाऊक असते. संदिग्ध बोलणाऱ्याच्या शब्दांवर मात्र तो विसंबतो, आणि त्याची किंमत तोच मोजतो.

म्हणून शासनाला जाब विचारताना आपली भाषाही तपासावी. बैठकीत ‘उपस्थिती समाधानकारक होती’ असे वृत्त देण्यापेक्षा ‘अठ्ठावीसपैकी अकरा आले’ असे सांगावे. मुलीसाठी स्थळ घेऊन आलेल्यांना नकार द्यायचा असेल, तर ‘कळवतो’ म्हणून महिनाभर टांगून ठेवू नये. नम्रपणे ‘जमणार नाही’ म्हणता येते. येत्या ग्रामसभेत विहिरींची पातळी आणि टँकरच्या फेऱ्या आकड्यांत नोंदवून घ्याव्यात. जेथे आकडा लिहिलेला असतो, तेथे ‘सदृश’ला जागा मिळत नाही. एवढे केले, तरी या भूमीत वाणीविषयी बोलण्याचा आपल्याला काही अधिकार राहील.