ओकारीवरचं औषध आणि जिवाची तगमग

मळमळ आणि ओकारी थांबवणाऱ्या काही औषधांनंतर कधी कधी माणसाला एका जागी बसवत नाही. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही त्यांतली नेहमीची दोन. ती मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात. ओकारी त्यामुळेच थांबते, पण शरीराच्या हालचालींचा तोलही डोपामिनवरच चालतो. तो बिघडून होणाऱ्या या तगमगीला अकॅथिसिया म्हणतात. चेक वैद्य लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी 1901 साली हे नाव दिलं.

शिरेतून इंजेक्शन भरभर दिलं, तर तगमग काही मिनिटांतही सुरू होते. रुग्ण उठतो, येरझाऱ्या घालतो, सलाईन काढा म्हणतो. भोवतालच्यांना तो नुसता घाबरलाय असं वाटतं, आणि इथंच त्याच्यावर अन्याय होतो. जळकोटसारख्या लहान गावात सलाईन संपलं की रुग्ण घरी परततो. मग हा त्रास घरीच, रात्री उमटू शकतो. लहान मुलांत आणि तरुणांत कधी मान वाकडी होते, डोळे वर चढतात. ती बाहेरची बाधा नसते, त्याच औषधाचा परिणाम असतो, आणि योग्य इंजेक्शनानं बहुधा थोड्याच वेळात उतरतो.

अशा वेळी पुढचा डोस न घेता औषधाची चिठ्ठी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावं. औषध थांबवल्यावर तगमग बहुधा ओसरते. ऑन्डान्सेट्रॉन वेगळ्या मार्गानं काम करतं, त्यामुळे त्यानं असा त्रास सहसा होत नाही. युरोपीय औषध नियामकानं 2013 मध्ये मेटोक्लोप्रमाइडवर जास्तीत जास्त 5 दिवसांची मर्यादा घातली. पूर्वी असा त्रास झाला असेल, तर औषधाचं नाव लिहून ठेवावं आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना आधी सांगावं.