साठीच्या पुढचे विद्यार्थी

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



धानाचा भाव, बोनस, रोवणीच्या वेळचं पाणी आणि रानडुकरं यांवर या बैठकीत बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी बोलावंच. आम्ही मात्र आज वेगळा विषय घेऊन उभे आहोत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कॉम्प्युटर शिकवायचा, हा तो विषय. मागच्या रांगेत काही पोरं हसली. हसू द्या. त्या पोरांना आमचा एकच सवाल आहे. तुमच्या घरच्या बांधीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

बहुतेकांचं उत्तर एकच येईल. बाबांच्या नावावर, आजाच्या नावावर, नाहीतर आजीच्या. कॉम्प्युटर पोराच्या हातात आणि जमीन म्हाताऱ्याच्या नावावर, अशी आपल्या घरांची वाटणी आहे. सरकार ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्यालाच विचारतं. 2017 च्या कर्जमाफीला अर्ज ऑनलाइन भरावा लागला. 2019 साली सुरू झालेल्या पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये हवेत, तर ई-केवायसी नाव असलेल्यानेच करायची. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. आधारभूत केंद्रावर धान द्यायचा, तर त्याआधी ऑनलाइन नोंदणी आली. म्हणजे पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात जे होतं ते आता पडद्यावर गेलं, आणि ज्याचं ते आहे त्याला पडदा वाचता येत नाही.

आता सरकारने काय केलं ते ऐका. 2017 साली ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान निघालं. देशातल्या 6 कोटी घरांत प्रत्येकी एका माणसाला 20 तास शिकवायचं, असा बेत होता. बेत वाईट नव्हता. पण वयाची अट होती, 14 ते 60. साठ ओलांडली की नाव नाही. 31 मार्च 2024 ला ते अभियान संपलंही. म्हणजे अंगठा मागायचा सत्तर वर्षांच्या माणसाचा, आणि शिकवायचं बंद साठीला! नांगर ज्याच्या हाती त्याला कासरा द्यायचा नाही, असा हा न्याय झाला.

कोणी म्हणेल, म्हातारा माणूस शिकेल कसा? आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसं. नवं बियाणं शेतात लावून पाहिल्याशिवाय ते उगवत नाही असं म्हणायची आम्हाला सवय नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा काढली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन दुपारी शाळेत बसू लागल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा दिला त्या सही करू लागल्या. त्याच्याही आधी, 1959 साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती आणि गावंच्या गावं अक्षरं गिरवायला बसली होती. तेव्हा वय हा मुद्दा नाही. शिकवणारा बसतो की नाही, हा मुद्दा आहे.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचे थोरले काका, वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. पुतण्याने सांगितलं, "काका, तुम्ही कायले त्रास घेता, मी करून देतो." काका म्हणाले, "तू करून देतेस ते ठीक, पण का केलंस ते मले दिसलं पाहिजे." आम्हाला ते पटलं. रोवणी आटोपल्यावर रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवला.

पहिले चार दिवस नुसता माउस. हात हलवला की बाण हलतो, एवढंच. ज्या हाताने जन्मभर पऱ्हे उपटले त्या हाताला दोन बोटांचं हलकं काम अवघड जातं, हे आधी समजून घ्या. पुढे अक्षरं. इथे एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. इनस्क्रिप्ट नावाची मराठीची कळपाटी आहे. तिच्यात काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला, आणि पुष्कळशी व्यंजनं उजव्या हाताला. 'क' ची कळ दाबली की क, शिफ्ट धरून तीच दाबली की ख. 'ग' वर शिफ्ट धरला की घ, 'द' वर धरला की ध. म्हणजे चौथीत बाराखडी ज्या रीतीने घोकली त्याच रीतीने अक्षर बसतं. काकांनी पहिला शब्द लिहिला 'धान'. शिफ्ट धरून द, मग काना, मग न. तीन ठोके. इंग्रजी स्पेलिंग पाठ करायची त्यांना गरज पडली नाही.

महिन्याभराने त्यांना भूलेखावर त्यांचाच सातबारा उघडून दिला. नुसता पाहायला तो फुकट आहे, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. कंट्रोलची कळ धरून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं, ते केलं. काकांनी चष्मा पुसला, बोट पडद्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे बोडीखालची बांधी. दोन एकर आहे. इथं 0.18 कायले लिवलं?"

दोन एकर म्हणजे 0.81 हेक्टर. हाताच्या उताऱ्यावरून कॉम्प्युटरमध्ये भरताना कोणाच्या तरी हातून आकडे उलटे पडले. पुतण्याने तोच उतारा दोन वर्षं काढून केंद्रावर नेला होता. त्याला चूक दिसली नाही, कारण त्याला कॉम्प्युटर येत होता, पण ती बांधी त्याने मोजलेली नव्हती. जमीन काकांना ठाऊक, यंत्र पोराला ठाऊक, आणि दोघं एका खाटेवर बसेपर्यंत चूक तशीच.

या चुकीची किंमत मोजा. 2023-24 च्या हंगामासाठी राज्य सरकारने धानाला हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. 0.81 हेक्टरला 16,200 होतात. 0.18 ला 3,600. एका उलट्या आकड्याने 12,600 रुपये गेले, आणि ते एका बांधीचे, एका हंगामाचे. केंद्रावर किती क्विंटल घेतील तेही क्षेत्रावरच ठरतं.

काकांनी पेटीतून जुना हाताचा उतारा काढला. जमीन महसूल संहिता 1966, कलम 155, लेखनातली चूक दुरुस्त करण्याची तरतूद. त्याखाली तहसीलदारांकडे अर्ज दिला, आणि तो अर्ज काकांनी स्वतः टाइप केला. दहा ओळींना तीन संध्याकाळ लागल्या. चकरा मारल्या, महिने गेले, पण आकडा सरळ झाला.

आता कामाच्या गोष्टी सांगतो, लिहून घ्या.

एक, माउस म्हाताऱ्याच्याच हातात राहू द्या. तुम्ही हिसकून घेतला की शिकणं थांबलं. त्याने तुम्हाला नांगर शिकवला तेव्हा तास वाकडं गेलं म्हणून त्याने कासरा काढून घेतला नव्हता.

दोन, एका बैठकीत एकच काम. त्याच्या कामाचंच निवडा. आधी सातबारा, मग आठ-अ, मग बँकेत पैसे आले की नाही ते.

तीन, पायऱ्या मोठ्या अक्षरात वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. विसरणं हा गुन्हा नाही. वही कशासाठी असते?

चार, चिखलात रोवणी करून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. म्हातारा तिथे अपराध्यासारखा उभा राहतो. त्याला सांगा की पीएम-किसानची ई-केवायसी मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने होते, आणि 2023 पासून चेहरा दाखवूनही होते.

पाच, आणि हे पहिल्याच दिवशी शिकवा. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, साहेब म्हणवणाऱ्याला तर मुळीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन. ज्याला काही शिकवलं नाही तोच लुटारूला सोपा सापडतो.

सहा, आजीला वगळू नका. सातबारावर नाव तिचं आणि व्यवहार दुसऱ्याचा, ही गोष्ट फार घरांत आहे. तिने स्वतःचं नाव पडद्यावर स्वतः वाचलं, की पुढचे पुष्कळ प्रश्न ती आपणच विचारेल.

घरी कॉम्प्युटर नाही, ही अडचण खरी आहे. पण ग्रामपंचायतीत आपलं सरकार सेवा केंद्र आहे, तिथे आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव घ्यावा, की आठवड्यातून दोन दिवस, दुपारी एक तास, तो साठीच्या पुढच्यांसाठी राहील. शिकवायला गावातलीच कॉलेजची पोरं. आणि सरकारला लेखी कळवावं, की डिजिटल साक्षरतेची नवी योजना कराल तेव्हा साठीची अट काढा. ज्याच्याकडून अंगठा घेता त्याला अक्षर द्या, एवढंच मागणं आहे.

ठरावाचा मसुदा दाराशी ठेवला आहे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी जाताना आपल्या गावांपुरत्या प्रती न्याव्या. पुढच्या बैठकीला किती गावांत तास सुरू झाला तेवढंच आम्ही विचारू. आणि मागच्या रांगेतल्या पोरांनो, तुम्ही आज घरी गेल्यावर आजाला विचारा की आपल्या बांध्या किती आणि कोणती किती एकर. तो सांगेल ते लिहा, आणि मग त्याला शेजारी बसवून पडद्यावर ताडून पाहा.