थायलंडच्या मुलींचा खेळ



आशियाई महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९७५ साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला सुरू झाली. पहिलं विजेतेपद जपानचं. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ हा करंडक एक तर चीनकडे, नाहीतर जपानकडे. दक्षिण कोरियाचा संघ चांगला तगडा, पदकं त्याने कितीतरी घेतली, पण अजिंक्यपद काही मिळालं नाही.

मग सप्टेंबर २००९ उजाडला. गाव हनोई. अंतिम सामन्यात एका बाजूला चीन, वर्षभरापूर्वीच बीजिंग ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलेला, आणि दुसऱ्या बाजूला थायलंड. थायलंडच्या मुलींनी चीनला ३-१ असं हरवलं. आशियाला तिसरा विजेता मिळाला.

हे झालं कसं, ते मला तुम्हाला जरा सविस्तर सांगायचंय. कारण आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं: 'व्हॉलीबॉल उंच मुलींचा खेळ, आपल्या पोरींना कुठून जमणार?' महिलांच्या सामन्यात जाळं २.२४ मीटर उंच असतं. थायलंडची सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू लावून देणारी, नुत्सारा तोमकोम हिची उंची होती १६९ सेंटिमीटर. आपल्या कुठल्याही कॉलेजात अशा मुली दिसतात.

आता नुत्साराचा खेळ डोळ्यांसमोर आणा. मागून चेंडू तिच्या दिशेने येतोय. तो तिच्या बोटांना लागायच्या आधीच मधली खेळाडू प्लूमजित थिनकाओ हवेत उडालेली असते. त्याच क्षणी दुसरी एक जण नुत्साराच्या पाठीमागून धावत येऊन एका पायावर उडी घेते. तिसरी डाव्या टोकाला तयार. नुत्सारा तिघींपैकी कुणाला चेंडू देणार, हे तिच्या खांद्यावरून, मानेवरून, कशावरूनच कळत नाही. आणि देते तो चेंडूही उंच नाही, जाळ्यालगत, सपाट आणि झटकन. पलीकडची सहा फुटी ब्लॉकर हात वर करेपर्यंत चेंडू जमिनीवर. उंच ब्लॉकरला वेळच द्यायचा नाही, हा या खेळाचा गाभा.

पण हे सगळं उभं राहतं ते पहिल्या पासवर. समोरची सर्व्हिस कितीही जोराची असो, चेंडू सेटरच्या हातात अचूक पोचलाच पाहिजे. तो हातभर जरी इकडेतिकडे गेला, तरी सगळी घडी विस्कटते. म्हणून माझ्या मते त्या संघात नुत्साराइतकंच मोल लिबरो, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणारी, वन्ना बुआकाओ हिचं. स्मॅश मारणारीचा फोटो छापून येतो. चेंडू उचलणारीचा क्वचित.

अशी जुळणी एका मोसमात होत नाही. प्रशिक्षक कियात्तिपोंग यांनी याच मुलींना वर्षानुवर्षं एकत्र ठेवलं. २०१३ मध्ये नाखोन रात्चासीमा इथे, घरच्या प्रेक्षकांसमोर, थायलंडने जपानला सरळ तीन सेटमध्ये हरवून पुन्हा आशियाई अजिंक्यपद घेतलं.

ऑलिंपिकने मात्र या मुलींना चटका लावला. २०१२ मध्ये टोकियोच्या पात्रता स्पर्धेत जपान आणि सर्बियाचा सामना पाच सेटपर्यंत गेला. त्या एका निकालाने ते दोन्ही संघ लंडनला गेले आणि थायलंड बाहेर राहिला. २०१६ मध्ये पुन्हा टोकियोतल्याच पात्रता स्पर्धेत, जपानविरुद्ध पाचव्या सेटमध्ये थायलंड १२-६ असा पुढे होता. खेळाडू बदलण्याची मागणी टॅब्लेटवरून करायची होती, त्यावरून पंचांशी वाद झाला. प्रशिक्षकांना दोन लाल कार्डं मिळाली, प्रत्येक कार्डामागे जपानला एक गुण. सेट गेला १५-१३. तो शेवट आजही मला बोचतो.

त्याच पिढीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०२१ मध्ये इटलीत रिमिनीला नेशन्स लीग होती आणि निघायच्या तोंडावर थायलंडच्या संघात करोना शिरला. तेव्हा नुत्सारा, प्लूमजित, ओनुमा, विलावन, मलिका या तिशी ओलांडलेल्या जुन्या खेळाडू परत आल्या आणि देशासाठी रिमिनीला जाऊन खेळल्या. सामने बहुतेक हरल्या. पण थायलंडची जागा त्यांनी रिकामी राहू दिली नाही.

आणि २०२३ मध्ये, पुन्हा नाखोन रात्चासीमा इथेच, नव्या मुलींनी पाच सेटच्या अंतिम सामन्यात चीनला हरवून तिसरं आशियाई अजिंक्यपद मिळवलं. सेटर नवी, स्मॅश मारणाऱ्या नव्या, खेळण्याची रीत तीच. २०२५ची महिला जागतिक स्पर्धाही थायलंडमध्ये भरली.

भारतीय महिला संघाला या आशियाई स्पर्धेत आजवर एकही पदक नाही. ऐकणाऱ्यांत शाळा-कॉलेजांचे क्रीडाशिक्षक असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या निवड चाचणीला मुलीची उंची मोजायला टेप काढाल, त्याआधी तिच्याकडे एक जोराची सर्व्हिस येऊ द्या. ती चेंडू कसा उचलते ते बघा. आणि ज्या मुली निवडाल, त्यांना चार-पाच वर्षं एकत्र खेळू द्या.