गाठ गेली, पुढे काय?



आठवीत असताना माझ्या मेंदूतली गाठ काढली, हे आपल्या वर्गाला ठाऊक आहे. ऑपरेशन झालं, पोरगी शाळेत परत आली, तिथं बहुतेकांच्या लेखी गोष्ट संपली. पुढची तीस वर्षं मी आज सांगते, कारण तुमच्यातले कितीतरी जण आता शिक्षक आहेत, काही डॉक्टर आहेत, आणि आईबाप तर जवळजवळ सगळेच.

त्या गाठीचं नाव क्रॅनिओफॅरिंजिओमा. नाव भयंकर असलं तरी हा कॅन्सर नव्हे. गर्भात पिट्युटरी ग्रंथी घडताना मागे राहिलेल्या पेशींतून ही गाठ वाढते. मुलांमध्ये ती बहुधा ५ ते १४ या वयात सापडते. वाईट आहे ती तिची जागा. पिट्युटरी वाटाण्याएवढी. तिच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, आणि शेजारीच भूक, तहान, झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस. गाठीच्या दाबानं किंवा ती काढताना या शेजाऱ्यांना इजा होते.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पिट्युटरी ही आपोआप चालणारी यंत्रणा. रक्तात काय कमी, काय जास्त ते बघून ती हुकूम सोडते. माझी बंद पडली, तेव्हापासून तिचं काम मी हातानं करते. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, दिवसातून तीनदा हायड्रोकॉर्टिझोन, लघवी आवरायला डेस्मोप्रेसिन. वाढीचं हार्मोन तेव्हा आमच्या घराला परवडणारं नव्हतं, म्हणून मी अजून तुमची छोटीच आहे!

यातलं हायड्रोकॉर्टिझोन जिवाशी खेळणारं. ताप आला की निरोगी शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल बनवतं. माझं बनवत नाही. म्हणून तापात डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करायचा. उलटीमुळे गोळी पोटात टिकली नाही, तर लगेच इंजेक्शन घेऊन दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस जातो. माझ्या पर्समध्ये एक कार्ड आणि एक इंजेक्शन कायम असतं.

दुसरा त्रास तहानलघवीचा. त्याचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण ‘डायबेटिस’ ऐकलं की लोक साखर तपासत बसतात. या गोंधळापायी रुग्णांचं खरं औषध चुकण्याचे प्रकार घडले. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी त्याला ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असं नवं नाव सुचवलं.

तिसरी गोष्ट वजनाची. हायपोथॅलॅमस दुखावला की पोट भरल्याचा निरोपच नीट पोहोचत नाही, आणि शरीर ऊर्जाही कमी जाळतं. अशा मुलाला खादाड, आळशी म्हणणं म्हणजे लंगड्याला ‘नीट चाल’ म्हणणं. ते ऐकणं औषधांपेक्षा जड जातं, हे मी अनुभवानं सांगते.

आपल्या बाईंनी मला न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा दिली होती, बाटली बाकावर ठेवू दिली होती. केवळ तेवढ्यानं माझी दहावी पार पडली. तुमच्या वर्गात असं मूल आलं तर एवढं कराच. त्याची उंची बघून त्याला लहान समजू नका. त्याला ताप आला, उलट्या झाल्या, तर ‘थोडं पडून राहा’ म्हणू नका, लगेच घरी फोन करा. आणि एखाद्या मुलाची उंची वाढायची थांबली असेल, सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल, बाजूचं दिसत नसेल, तर आईवडिलांना डॉक्टरकडे पाठवा.

आज यातली बहुतेक मुलं वाचतात. वाचल्यावर त्यांना साठ-सत्तर वर्षं जगायचं असतं, आणि ते एकट्या डॉक्टरांच्या भरवशावर होत नाही. जेवणानंतर ते इंजेक्शन कसं तयार करायचं ते मी दाखवणार आहे. पाचच मिनिटं लागतात. ज्यांना शिकायचंय त्यांनी थांबा.