बातमीचा वेश, जाहिरातीचा आत्मा



६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्या नावातच पत्रकारितेचे व्रत सामावले होते. जे समोर आहे, तेच आरशाने दाखवावे. हा आरसाच भाड्याने मिळू लागला, तर समाजाने आपला चेहरा कोठे पाहावा?

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीने हा प्रश्न उभा केला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापला गेला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. चव्हाणांच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी अवघे ५,३७९ रुपये नोंदलेले होते. चव्हाणांनी आरोप नाकारला आणि त्यांच्याविरुद्धचा निवडणूक आयोगाचा आदेश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला.

हा रोग एका पक्षाचा नव्हे. मध्य प्रदेशातील भाजपचे मंत्री नरोत्तम मिश्र यांना २००८ च्या निवडणुकीतील अशाच बातम्यांवरून आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरविले. तो आदेशही उच्च न्यायालयात टिकला नाही. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांच्यावर मात्र २०११ मध्ये तीन वर्षांची अपात्रता आली. न दाखविलेला खर्च होता २१,२५० रुपयांचा!

पुरावा इतका दुर्मीळ का? कारण या व्यवहाराला पावती नसते. देणारा आणि घेणारा दोघेही लाभार्थी. फसतो तो वाचक, आणि आपण फसलो हे त्याच्या गावीही नसते. उघड जाहिरात आपली ओळख लपवीत नाही. विकत घेतलेली बातमी मात्र वाचकाच्या विश्वासावरच दरोडा घालते.

घरातून दुरुस्ती होईल, ही आशाही डळमळीत ठरली. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये नावांसह सविस्तर अहवाल सिद्ध केला. परिषदेने त्याऐवजी संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतरच लोकांसमोर आला. इतरांकडे पारदर्शकता मागणाऱ्यांनी स्वतःवर मात्र पडदा ओढला होता. विकत घेतलेली बातमी हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली.

तोवर जागरूक वाचक हाच पहारेकरी. एकच मजकूर दोन पत्रांत दिसला, एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांचा विजय ‘निश्चित’ ठरला, बातमीत प्रश्न नाही, केवळ आरतीच आहे, तर कात्रण जपावे आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार द्यावी. स्तुती आपल्या आवडत्या उमेदवाराची असली, तरीही! कसोटी तेथेच आहे. स्वपक्षाच्या खोट्या बातमीवर जो मौन पाळतो, त्याला परपक्षाच्या खोट्या बातमीवर बोलण्याचा अधिकार उरत नाही.