रुग्ण पुन्हा येतो तेव्हा

फिजिओथेरपीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण देतात. लाँग केस म्हणतात त्याला. विद्यार्थी रुग्णाला तपासतो, सगळं कागदावर उतरवतो आणि कागद घेऊन परीक्षकांच्या टेबलाशी जातो. मग प्रश्नोत्तरं सुरू होतात. रुग्ण तिकडे प्लिंथवर, म्हणजे तपासणीच्या पलंगावर, पडलेला असतो. मी हा विषय शिकवते, परीक्षकही असते, आणि मला ही पद्धत फार अपुरी वाटते. तिच्यात विद्यार्थ्याचं बोलणं तपासलं जातं, हात तपासले जात नाहीत. शिवाय हाच रुग्ण आठवड्याने परत आला तर विद्यार्थी काय करेल, हा प्रश्न तर कुठे येतच नाही.

हात तपासणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. कमरेच्या बाजूला ग्लुटियस मेडियस नावाचा स्नायू असतो. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा कंबर एका बाजूला कलू देत नाही तो हा. त्याची ताकद बघायची तर रुग्णाला कुशीवर झोपवतात आणि वरचा पाय बाजूने उचलायला सांगतात. स्वतःच्या वजनाविरुद्ध पाय पूर्ण उचलला तर 3, तपासणाऱ्याच्या हाताचा दाब सोसून धरला तर 4 किंवा 5. ऐकायला सोपं आहे. पण स्नायू दुबळा असला की शरीर पळवाट शोधतं. कंबर हळूच मागे लवंडते, पायाची बोटं छताकडे वळतात, आणि पाय वर जातो तो मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या जोरावर. कागदावर 3 लिहिलं जातं, प्रत्यक्षात असतो 2. ज्याने एक हात कमरेच्या हाडावर घट्ट ठेवलेला असतो त्यालाच हे कळतं. टेबलापर्यंत पोहोचतो तो नुसता आकडा.

हे आकडे आले कुठून? गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोलिओच्या रुग्णांचे स्नायू तपासताना ही प्रतवारी आकाराला आली. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेही पोलिओमुळेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1952 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पहिली शाळा निघाली. पोलिओत स्नायूची ताकद परत येते ती महिनोन्‌महिन्यांनी, म्हणून तेच मूल, तोच स्नायू पुन्हा पुन्हा तपासायचा आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघायचा. म्हणजे आमच्या विद्येचा पायाच फेरतपासणीचा आहे. आम्ही परीक्षा मात्र एका भेटीवर उरकतो.

लाँग केसचे दोष वैद्यकीय शिक्षणात फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आले होते. एकाला सोपा रुग्ण मिळतो, दुसऱ्याला अवघड. आमच्याकडे त्यात आणखी एक भर आहे. एकाच रुग्णाला ओळीने चार मुलं तपासतात, आणि चौथ्याच्या हाती येतो तो दमलेला स्नायू. यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ऑस्की ही पद्धत मांडली. सगळ्यांना तीच कामं, तेवढाच वेळ, गुण देण्याची यादी आधी ठरलेली, आणि परीक्षक समोर उभा राहून बघणारा. ऑस्की मला आवडते. तिच्यात निदान कोणीतरी विद्यार्थ्याचे हात बघतं. पण तिथे रुग्णाची भूमिका करणारा माणूस वेदना हुबेहूब वठवू शकला, तरी पक्षाघातानंतरचा हाताचा ताठरपणा त्याला आणता येत नाही. आणि पाच-दहा मिनिटांत घंटा वाजते.

आमचं खरं काम घंटेनंतर सुरू होतं. गुडघा बदललेल्या एखाद्या काकूंना विद्यार्थी सांगतो, "स्टॅटिक क्वाड्स करा, दिवसातून तीनदा." पाय न उचलता नुसता मांडीचा स्नायू आवळायचा, असा हा व्यायाम. काकू मान डोलावतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे उत्तर पूर्ण गुणांचं आहे. आठवड्याने काकू येतात. "करून दाखवा बघू," म्हटलं की त्या अख्खा पाय वर उचलतात, कारण व्यायाम म्हणजे पाय उचलणं असंच त्यांना वाटलेलं असतं. इथे जो विद्यार्थी शिकला आहे तो वैतागत नाही. टॉवेलची गुंडाळी करून तो गुडघ्याखाली ठेवतो, काकूंचा हात त्यांच्याच मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "काकू, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. मांडी कडक लागली हाताला? पाचपर्यंत मोजा, मग सोडा." मग काकू विचारतात, "हळदीकुंकवाला खाली बसलं तर चालेल का रे?" त्यालाही त्याच्याकडे धीराचं आणि खरं उत्तर हवं. मला गुण द्यायचे आहेत ते या भेटीला.

हे होऊ शकतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विद्यार्थ्याच्या प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगचं मूल्यमापन एकाच ठरलेल्या तक्त्यावर होतं. त्यात 20 बाबी आहेत, प्रत्येकीला 0 ते 4 गुण, आणि 2 म्हणजे नव्याने व्यवसायात येणाऱ्याकडून अपेक्षित असलेली किमान पातळी. शिक्षक आठवड्यानुआठवडे जे बघतो त्यावर हे गुण ठरतात. पोस्टिंगच्या मध्यावर विद्यार्थ्याला तो तक्ता दाखवून बोललं जातं, म्हणजे सुधारायला वेळ उरतो. आपल्याकडे लॉगबुक आहे, पण त्यावर बहुधा महिनाअखेरीला सह्या होतात, तेही गठ्ठ्याने. ओपीडीत गर्दी, शिक्षक थोडे, हे मी रोज बघते आणि ती सबब नाही, खरी अडचण आहे. म्हणून प्रत्येक मुलाला रोज बघा असं मी म्हणत नाही. पण आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, एका विद्यार्थ्याजवळ गप्प उभं राहून बघणं एवढं आम्हा शिक्षकांना जमलं पाहिजे.

2021 च्या कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला, आणि शिक्षणाचे किमान दर्जे देशभरासाठी ठरवण्याचं काम आता त्याच्याकडे आहे. म्हणून हे आत्ताच बोलायला हवं. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक रुग्ण सोपवावा. पहिल्या दिवशी, दोन आठवड्यांनी आणि दीड महिन्याने त्या दोघांना एकत्र बघावं. घरी रुग्णाला उठवणाऱ्या माणसाला बोलावून त्यालाही रुग्णाला उठवून दाखवायला सांगावं. पक्षाघाताच्या रुग्णाला काखेत हात घालून ओढायचं नाही, हे विद्यार्थ्याने त्याला शिकवलं की नाही ते तेव्हाच दिसेल. तारखा रुग्णाच्या सवडीने ठरवाव्यात, आणि त्याचं येण्याजाण्याचं भाडं व बुडालेली मजुरी कॉलेजने परीक्षेच्या खर्चातून द्यावी.