स्टेशन कोणाचे?

(आसनगाव येथे रोज गाडीने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



आपण मला बोलावयास उभे केलेत, पण मी काही विद्वान नव्हे. मी कुणब्याच्या घरचा. तीस वर्षे पहाटेची गाडी धरून पोट भरलेला माणूस. तेव्हा पुस्तकी बोलणे माझ्याकडून व्हावयाचे नाही. ज्या फलाटावर आपला निम्मा जन्म जातो, त्याविषयी चार शब्द सरळ सांगतो.

आधी एक प्रश्न. हे स्टेशन कोणाचे? कोणी म्हणेल सरकारचे, कोणी म्हणेल रेल्वेचे. ‘ते माझे आहे’ असे म्हणणारा मला अजून भेटावयाचा आहे.

बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली, हे शाळेतल्या पोरासही ठाऊक असते. पुढची हकीकत मात्र आपणांस कोणी सांगत नाही. लोहमार्ग १८५४ साली कल्याणास आला, १८५५ साली वासिंदला, १८६० साली आसनगावास आणि १८६१ साली कसाऱ्यास पोचला. मग थळ घाट फोडून १८६५ साली गाडी इगतपुरीस चढली. त्या घाटात सदतीस फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर जाते. म्हणून कसाऱ्यास आजही जादा इंजिने जोडावी लागतात.

हा मार्ग शहापूरच्या रयतेचे कष्ट पाहून कोणी बांधला, असे समजू नका. विलायतेतील गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा होता. आपली गावे वाटेत पडली, इतकेच. तालुक्याचे ठिकाण शहापूर, पण रूळ गेले आसनगावावरून. म्हणून शहापूरकरास अजून आधी रिक्षा गाठावी लागते आणि मग गाडी. घाट कोणी फोडला? मोठमोठ्या इंजिनिअरांची व कंत्राटदारांची नावे पुस्तकांत आहेत. सुरुंगाजवळ उभे राहून डोक्यावरून दगडाची पाटी वाहिली, त्यांच्यातले एक तरी नाव आपण वाचले आहे काय? ज्याला लिहिता येत नव्हते, त्याचे नाव दुसऱ्या कोणी लिहिले नाही.

मुरबाडकरांची गोष्ट तर आणखी निराळी. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण बंदरातला माल मुरबाडच्या रानातून नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे म्हणतात. ज्या तालुक्यातून एवढा व्यापार चाले, तेथे आज रुळाचा तुकडा नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा पुष्कळ झाल्या, पण घोषणेत बसून कोणी कल्याणास पोचत नाही. मुरबाडची पोरे एस. टी. धरतात, कल्याणास उतरतात आणि तेथून पुन्हा उभ्याने पुढचा प्रवास करतात.

मुंबईस आपण काय देतो, याचा हिशेब करा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. पाणी नळाने जाते, माणूस गाडीने जातो. भाजी, दूध, हमाल, नर्स, कारकून, गवंडी, सारे येथून उतरते. नळ एक दिवस बंद पडला तर शहरात हाकाटी होते. २९ ऑगस्ट २०१७ रोजी वासिंद आणि आसनगाव यांच्या दरम्यान नागपूरहून येणारी दुरांतो घसरली आणि आपली वाट काही दिवस अडली, तेव्हा आपली हाकाटी कोणी ऐकली? कल्याणपलीकडे जाणे-येणे अवघ्या दोन रुळमार्गांवर चालते. एक्स्प्रेस, मालगाडी आणि लोकल सारे त्यावरच. तिसऱ्या मार्गास मंजुरी मिळून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आता घरची गोष्ट. माझे वडील भेंडीच्या टोपल्या घेऊन मुंबईस जात. एका स्टेशनावर, नाव सांगत नाही, खिडकीवरच्या माणसाने त्यांना अलीकडच्या गावाचे तिकीट दिले. पैसे पुऱ्या प्रवासाचे घेतले. वडिलांना अक्षर ओळखता येत नव्हते. उतरताना त्यांना धरले आणि दंड केला. दिवसाची सारी भेंडी त्या दंडात गेली. रात्री घरी आले, कोणास शिवी दिली नाही, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून शाळेत नेले.

गृहस्थहो, त्या एका तिकिटाने मला शिकवले. पण शिकून आपण काय केले? डब्यात रुमाल टाकून आपल्या टोळीची जागा धरतो. खर्डीस चढलेली कातकरी बाई टोपली घेऊन दाराशी जमिनीवर बसते. तिने तिकीट काढलेले असते. रुमालाने काढलेले नसते. वरच्यांनी आपणांस लोटले म्हणून आपण ओरडतो, आणि खालच्यास आपणच लोटतो. अशा तोंडाने हक्क मागितला तर ऐकणारा हसेल.

म्हणून माझी तीन मागणी आहेत, आणि तीनही आपणांकडेच. पहिली, तक्रार तोंडी करू नका. स्टेशनात तक्रारीचे पुस्तक असते, ते मागून घ्या. गाडी, वेळ, तारीख लिहा आणि नक्कल जवळ ठेवा. शंभर जणांची कुरकुर वाऱ्यावर जाते, शंभर लेखी कागद टेबलावर राहतात. दुसरी, ज्याला वाचता येत नाही त्याला तिकीट वाचून दाखवा. आणि वेळ मिळेल तेव्हा अक्षरही शिकवा. गाडी उशिरा येते तेव्हा वेळ पुष्कळ मिळतो! तिसरी, रुमाल उचला.

स्टेशन कोणाचे, हे कोणत्याही फर्मानाने ठरत नाही. त्या कातकरी बाईस बसावयास जागा मिळेल आणि तिची तक्रार पुस्तकात चढेल, त्या दिवशी ते आपले झाले असे मी मानीन.

उद्या पहाटे गाडीत भेटूच.